वधूचे अलंकार आणि त्यांची याद

देवीच्या अंगावरील अलंकारांची नोंद ठेवण्याची रीत आपल्या महाजन मंडळींस नवी नाही. कोणता दागिना कोणत्या कुळाने कोणत्या प्रसंगी वाहिला, त्याचे वजन किती, तो कोणाच्या ताब्यात आहे, हे सारे देवस्थानच्या दप्तरी लिहिलेले असते, आणि कमिटी बदलली की जुनी मंडळी नव्या मंडळींस तो ऐवज मोजून देतात. पोर्तुगीज राजवटीत प्रथम १८८६ मध्ये आणि पुढे १९३३ मध्ये देवस्थानांच्या कारभारासाठी ज्या नियमावल्या झाल्या, त्यांनी या रीतीस कायद्याचे रूप दिले. देवीचे सोने ते देवीचेच. पुजारी, महाजन वा खजिनदार हे केवळ त्याचे राखणदार, याविषयी आपल्या मनात कधी संदेह उत्पन्न होत नाही.

परंतु त्याच देवीच्या पायांवर डोके ठेवून जी नववधू घरात येते, तिच्या अंगावरील सोन्याची गोष्ट निराळी आहे. ते सोने कोणाचे, असे दहा घरांत विचारले तर दहा उत्तरे येतील. ‘घरचे’, ‘आमच्या घराण्याचे’, ‘सासूबाईंनी घातलेले’, ‘माहेरहून आलेले’ ही उत्तरे पुष्कळ ऐकू येतात. ‘तिचे’ हे उत्तर क्वचित येते. वास्तविक आपल्या धर्मशास्त्राने, व्यवहाराने आणि अलीकडील कायद्याने या प्रश्नाचे एकच उत्तर दिलेले आहे. ते विसरले कसे गेले, आणि त्या विसरण्याशी कागदावरच्या यादीचा संबंध काय, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. ब्राह्मविवाहाचे लक्षण सांगताना याज्ञवल्क्याने कन्येसाठी ‘शक्त्यलंकृता’ असे विशेषण योजले आहे. आपल्या शक्तीप्रमाणे अलंकृत केलेली, असा त्याचा सरळ अर्थ. ‘सालंकृत कन्यादान’ हा आपल्या लग्नपत्रिकांतून आणि संकल्पांतून रूढ झालेला शब्दप्रयोग त्याच परंपरेतला. मात्र त्यातील ‘शक्तीप्रमाणे’ हा भाग पुढे कोठे गळून पडला, हे प्रत्येक मुलीच्या बापास ठाऊक आहे. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत : अग्नीसमक्ष मिळालेले ते अध्यग्नि, सासरी निघताना मिळालेले ते अध्यावाहनिक, पतीने प्रेमाने दिलेले ते प्रीतिदत्त, आणि भाऊ, आई व बाप यांनी दिलेले ते अनुक्रमे भ्रातृदत्त, मातृदत्त व पितृदत्त. याच स्मृतीत अन्यत्र पत्नीला स्वतंत्र धन नाही असेही वचन आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण अलंकारांपुरता मनूचा निर्णय स्पष्ट आहे : पतीच्या हयातीत स्त्रीने जो अलंकार अंगावर वागविला, तो दायादांनी वाटून घेऊ नये; घेतील ते पतित होतात.

सोन्याचाच एवढा आग्रह का, याचे उत्तर कौटिल्याजवळ आहे. अर्थशास्त्रात स्त्रीधनाचे दोन भाग केले आहेत. ‘वृत्ति’ म्हणजे निर्वाहासाठी दिलेले धन, आणि ‘आबन्ध्य’ म्हणजे अंगावर बांधावयाचे ते. पैकी वृत्तीस दोन हजार पणांची मर्यादा आहे. आबन्ध्यास मर्यादा नाही. कात्यायनाने तर मुलीला द्यावयाच्या धनातून स्थावरच वगळले. जमीन द्यावयाची नाही, रोख द्यावयाची ती ठराविकच द्यावयाची, आणि जे अंगावर बांधता येते त्याला मात्र सीमा नाही. अशी व्यवस्था झाल्यावर मुलीचा सारा वाटा सोन्यारुप्यातच उतरणे अपरिहार्य होते. स्त्रियांना दागिन्यांची हौस फार, असे आपण थट्टेने म्हणतो. परंतु ज्या व्यक्तीला मालमत्तेचा एकच प्रकार मोकळा ठेवला आहे, तिने त्या प्रकाराविषयी आस्था बाळगली, तर त्यास केवळ हौस म्हणणे न्यायाचे नव्हे.

आपल्या गोमंतकापुरते पाहिले तर ही गोष्ट अधिकच ठळक होते. गावकरीचा हक्क आणि त्याचे उत्पन्न वंशपरंपरेने पुरुषांकडे. महाजनकीही बापाकडून मुलाकडे. मुलगी ना गावकार, ना महाजन. ती ज्या गावात जन्मली त्या गावच्या भूमीत तिला वाटा नाही, आणि ज्या गावात नांदावयास गेली तेथेही स्वतःच्या नावाने नाही. तिच्या वाट्याला आले ते गळ्यातले, हातातले आणि नाकातले. १५६० च्या सुमारास साष्टीतील देवळांवर संकट आले, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास नेण्यात आली, त्या धावपळीच्या काळात कित्येक कुळांनी शेते, कुळागरे आणि घरे मागे टाकली. भूमी कोणाला पाठीवर घेता येत नाही. अशा वेळी घरातील जी मालमत्ता नदी ओलांडू शकली, तीत बायकांच्या अंगावरचे सोने असणार हे सांगावयास पुरावा नको. ज्याला आपण दुय्यम वाटा समजत होतो, तोच प्रवासात टिकणारा ठरला.

विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, बाराव्या शतकाच्या आगेमागे, याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली आणि याज्ञवल्क्याच्या यादीतील ‘आद्य’ या एका शब्दाचा आधार घेऊन स्त्रीधनाची व्याप्ती वाढविली. वारसाने, खरेदीने वा वाटणीने जे मिळेल तेही स्त्रीधनच, असे त्याने ठरविले. पुढे सतराव्या शतकात काशीच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने ‘व्यवहारमयूख’ रचला. हे घराणे मूळचे पैठणचे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाचा विधी सांगणारे गागाभट्ट याच घराण्यातले. मयूखाचे प्रामाण्य मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मान्य केले आणि इतर प्रांतांच्या मानाने या इलाख्यातील स्त्रियांचे हक्क काहीसे सैल हाताने मोजले गेले. स्त्रीधनाचा वारसा प्रथम मुलींकडे, त्यातही आधी अविवाहित मुलीकडे जावयाचा, ही शास्त्राची दिशा आहे. आईच्या पाटल्या लेकीला आणि आजीची नथ नातीला, हा आपल्या घरांतील अलिखित संकेत वाटतो खरा. वस्तुतः तो चांगला लिहिलेला आहे.

गोव्यात याच्या जोडीला दुसरा एक प्रवाह आला. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला आणि हिंदूंच्या रूढींची संहिता १८८० मध्ये निघाली. या नागरी कायद्यान्वये, लग्नापूर्वी निराळा करार केलेला नसेल तर, पतिपत्नींची मिळकत समाईक होते आणि दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा ठरतो. मौज अशी की, वराने विवाहापूर्वी वधूस दिलेले अलंकार आणि उभयतांची अंगावरील वस्त्रे या समाईक मिळकतीतून वगळलेली होती. लिस्बनच्या कायदेपंडितांस मनूचे वचन ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तरीही अंगावर घातलेली वस्तू ही त्या अंगाची, हा विचार दोन्ही ठिकाणी एकसारखा उमटला. १९६१ च्या मुक्तीनंतरही हा कौटुंबिक कायदा गोव्यात चालू राहिला. पुढे वारसाविषयक भागाची जागा २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्याने घेतली.

आता दागिन्यांकडे येऊ. कारण विषय दागिन्यांचा आणि लेखात दागिनाच नाही, असे व्हावयास नको.

ज्यास आज आपण सौभाग्याचे आद्य चिन्ह मानतो, त्या मंगळसूत्राचा उल्लेख प्राचीन गृह्यसूत्रांत नाही. तो उत्तरकालीन ग्रंथांतून येतो. नथीचेही तसेच. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा मुद्दा नमूद आहे. म्हणजे अलंकार देण्याची प्रथा पुरातन, पण कोणता अलंकार, हे काळाने आणि प्रदेशाने ठरविले. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची व एक सासरची, असे आपल्याकडे सांगतात. दोन घरांनी मिळून एक दागिना पुरा करावा, ही कल्पना मोठी सुंदर आहे. देशावर कोल्हापुरी साज. त्यात एकवीस पानड्या : दहा अवतारांच्या दहा, अष्टमंगलाच्या आठ, माणकाची व पाचूची मिळून दोन आणि मध्ये ताईत, असा हिशेब जुने कारागीर देतात. ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, बोरमाळ, मोहनमाळ, बकुळहार, हातात पाटल्या, बांगड्या, तोडे, गोठ, दंडात वाकी, कानात कुडी, बुगडी व वेल, केसांत राखडी, मूद, केतक, पायांत रुप्याची जोडवी, विरोद्या, मासोळ्या आणि पैंजण. सोने कमरेखाली घालावयाचे नाही, हा संकेत बहुतेक घरांनी पाळला.

या साऱ्यांत पुतळ्यांच्या माळेचे वृत्त मला विशेष वाटते. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. त्यावर उभ्या मनुष्याकृती असत, म्हणून आपल्या लोकांनी तिला पुतळी म्हटले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ निर्भेळ. मिरी आणि कापड यांच्या मोबदल्यात ही नाणी पश्चिम किनाऱ्यावर उतरत, सावकाराच्या थैलीतून सोनाराच्या हाती जात आणि कडी लावून वधूच्या गळ्यात येत. १७९७ साली व्हेनिसचे प्रजासत्ताकच लयास गेले, पण आपल्या सोनारांनी तोच छाप उतरवून पुतळ्या घडविण्याचे चालू ठेवले. समुद्रापलीकडील एका बुडालेल्या राज्याचे नाणे दक्षिणेतील शेतकऱ्याच्या सुनेच्या गळ्यात नांदत राहिले! यात एक व्यवहारही दडलेला आहे. नाण्याचा कस सर्वांस ठाऊक असल्यामुळे पुतळ्यांची माळ मोडताना फसवणुकीस वाव थोडा. माळेतील दोन पुतळ्या काढून दुष्काळ निभावता येई आणि उरलेली माळ गळ्यात राही. जुन्या बायकांना पुतळ्या आवडत त्याचे एक कारण हेही असावे. याउलट लाख भरलेले गोठ आणि तोडे दिसावयास भारी, पण मोडीच्या वेळी लाख वजा झाली की हाती फार थोडे येई.

मराठी माणूस आणि हे अलंकार माळव्यात कसे पोचले, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य भोपाळच्या शाहपुरा भागात आहे. जानेवारी १७३८ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाकडून दोराह्याचा तह करून घेतला तो याच परिसरात, भोपाळच्या लढाईनंतर. त्याच सुमारास शिंद्यांचे कारभारी रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सूचनेवरून पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव श्रीमंगेशाच्या देवस्थानास इनाम दिला. पुढे महादजी शिंद्यांच्या लष्करात जिवबादादा बक्षी यांनी नाव मिळविले, ते मूळचे गोमंतकातील केरीचे. माळव्याची सरदारी आणि गोमंतकाचे देवस्थान यांचा धागा इतका जुना आहे.

परंतु आजच्या भोपाळातील मराठी वस्ती बहुतांशी या सरदारांच्या मागे आलेली नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, नागपूरचे राजधानीपण गेले आणि कचेऱ्या भोपाळास आल्या. नागपूरहून कारकून, अभियंते, शिक्षक आले. ग्वाल्हेर व इंदूर येथूनही आले. तात्या टोपे नगरातील सरकारी खोल्यांत त्यांचे संसार मांडले गेले आणि निवृत्तीनंतर पुष्कळांनी शहराच्या दक्षिणेस, अरेरा कॉलनी व शाहपुरा या बाजूंस, घरे केली. या स्थलांतरात घर आले नाही, शेत आले नाही. ट्रंकेच्या तळाशी रेशमी बटव्यात बांधलेला ऐवज तेवढा आला. साष्टी सोडताना घडले त्याची ही शांततेच्या काळातील लहानशी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

भोपाळास आल्यावर रीतींची सरमिसळ झाली. या प्रांतातील हिंदी कुटुंबांत वरपक्षाने मंडपात वधूला दागिने घालण्याचा ‘चढावा’ नावाचा स्वतंत्र विधी असतो. ताट सर्वांसमक्ष येते, काय आणले ते वऱ्हाडासमोर पाहिले जाते. आपल्याकडे सासरचा दागिना मंगळसूत्राच्या निमित्ताने व पुढे सूनमुखाच्या वेळी येतो. त्यात मोजदादीपेक्षा कौतुकाचा भाग अधिक. चौक बाजारातील सराफ्यात, कुदसिया बेगमेने बांधविलेल्या जामा मशिदीच्या सावलीत, आपल्या बायकांनी पुष्कळ काळ बेंदे, करधनी आणि हँसली पाहत आपल्या ठुशीचा नमुना कारागिरास समजावून दिला आहे. याच शहरावर एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मिळून चार बेगमांनी राज्य केले. मुसलमानी कायद्यातील मेहर ही पत्नीची स्वतःची रक्कम. ती तिच्या बापाची नव्हे आणि सासऱ्याचीही नव्हे. शेजाऱ्याच्या घरातील ही स्पष्टता आपण शेजारी राहूनही फारशी पाहिली नाही.

आता ‘याद’. मराठी लग्नाची बोलणी पक्की झाली की दोन्ही पक्षांची वडील मंडळी बसून कागद करीत. त्यास याद म्हणत. पेशवाईत १७८३ साली सवाई माधवरावांचे लग्न झाले, तेव्हा व्यवस्थेचे बारीकसारीक तपशील नाना फडणीसांनी लिहून काढले होते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. सामान्य घरातील याद अर्थात लहान. मानपान, करणी, हुंडा आणि त्यांच्याबरोबर वधूच्या अंगावर घालावयाचे सोने किती तोळे, कोणी घालावयाचे, हे त्यात येई. खाली दोन्हीकडच्यांच्या सह्या आणि साक्षी. या यादीत वाईट पुष्कळ होते. मुलीच्या बापाची त्यात लूट होई, आणि तिच्यापायी कर्जात बुडालेली घरे आपण पाहिली आहेत. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने साध्या, बिनखर्चाच्या विवाहाचा पुरस्कार केला तो उगाच नव्हे. परंतु त्या वाईट कागदाचा एक उपकार होता. वधूच्या अंगावर अमुक इतके सोने आले, एवढे तरी साक्षीदारांसह लिहिलेले राही. पुढे विधवा झालेल्या सुनेने आपला ऐवज मागितला तर दाखवावयास एक कागद असे.

१९६१ साली हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. तो व्हावयासच पाहिजे होता. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. हुंडा थांबला नाही, लिहिणे थांबले. यादीचा कागद हा गुन्ह्याचा पुरावा ठरू लागल्यामुळे शहाणी मंडळी तोंडी बोलू लागली, आणि हुंड्याच्या रकमेबरोबर स्त्रीधनाची नोंदही कागदावरून नाहीशी झाली. जे द्यावयास नको होते ते गुपचूप चालू राहिले, आणि जे तिचे हक्काचे होते त्याचा मात्र दाखला उरला नाही. त्यातच सुवर्णनियंत्रण आले. चीनच्या आक्रमणानंतर जानेवारी १९६३ पासून चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली. हजारो सोनारांच्या चुली विझल्या. १९६६ मध्ये ही अट उठली, तरी १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत होता. या काळात घरातील सोन्याचा उच्चार न करणेच लोकांस सुरक्षित वाटू लागले. मौनाची ही सवय कायदा गेल्यावरही गेली नाही.

नोंद गेली की ताबा हाच हक्क होऊन बसतो. लग्नाचा गडबडगुंडा आटोपला की ‘एवढे सोने अंगावर नको, कपाटात ठेवते हो’ असे सासूबाई म्हणतात. त्यात कपट असतेच असे नाही, बहुधा काळजीच असते. पण किल्ली एका कमरेस राहते, आणि दहा वर्षांनी धाकट्या नणंदेच्या लग्नात त्यातील तोडे मोडले जातात, तेव्हा ज्या सुनेचे ते, तिला विचारावयाचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तिने विचारले तर ती भांडखोर ठरते. अशी उदाहरणे वाचकांनी आपापल्या गोतावळ्यात पाहिली असतील. मला ती येथे मोजून दाखविण्याची आवश्यकता वाटत नाही.

याविषयी जुने शास्त्र किती सावध होते पाहा. दुष्काळात, धर्मकार्यासाठी, रोगात, किंवा बंदीत सापडला असता पतीने पत्नीचे स्त्रीधन घेतले तर ते परत करण्यास तो बांधील नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो. चार प्रसंग मोजून सांगितले, याचाच अर्थ इतर प्रसंगी घेतले तर ते परत केले पाहिजे. बहिणीचे लग्न, घराचा मजला किंवा दुकानाचे भांडवल ही कारणे त्या चारांत नाहीत.

स्त्रियांनी आपण होऊन दिले त्याची गोष्ट वेगळी आणि ती आदरानेच सांगावयाची. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला, त्यामागे सरस्वतीबाईंचे गहाण पडलेले दागिने होते. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे एकेक करून सारे दिले, मंगळसूत्रही राखले नाही. १९६२ च्या युद्धात संरक्षण निधीस बांगड्या काढून देणाऱ्या स्त्रिया गावोगाव होत्या. या दानांचे मोल कशाने आहे? जे दिले ते देणारीचे होते, म्हणून. आपण लक्ष्मीबाईंचा गौरव करतो तेव्हा ते सोने त्यांचेच होते हे आपोआप मान्य करतो. तेवढेच स्वतःच्या घरातील सुनेविषयी मान्य करावयास मात्र जड जाते.

कायद्याने यापुढे पुष्कळ मजल मारली. डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. हिंदू संहितेचे विधेयक रखडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्या विधेयकातील आशय पुढे खंडाखंडाने मंजूर झाला आणि १९५६ च्या वारसा कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेवर तिचे पूर्ण स्वामित्व मान्य केले. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा दिला. अलंकारांपुरता निर्णायक शब्द सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात उच्चारला. सासरी पाऊल टाकताच स्त्रीधन समाईक होते, ही समजूत न्यायालयाने साफ फेटाळली. पती वा सासरची मंडळी ही केवळ विश्वस्त, आणि मागितल्यावर परत न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा. २०२४ मध्ये केरळातील एका खटल्यात पुन्हा तेच. वधूच्या ८९ पवन सोन्याचा ताबा पतीने लग्नाच्या पहिल्याच रात्री सुरक्षिततेच्या नावाखाली घेऊन आईकडे दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या स्त्रीस २५ लाख रुपये देवविले. लग्न झाल्यापासून निकालापर्यंत तिची वीस वर्षे गेली.

आणि याद? तीही परत आली आहे, पण कोणाच्या लक्षात नाही. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराच्या भेटींची वराने ठेवावयाची असते. ती लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर, लेखी करावयाची. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहावयाचे. खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. जुन्या यादीवर सह्या बापांच्या असत, या यादीवर त्या नवपरिणितांच्या आहेत. हा फरक लहान नाही. शाहपुऱ्यातील कार्यालयांत वर्षाकाठी जी लग्ने मी पाहतो, त्यांत आहेराची वही घेऊन बसलेला एखादा काका असतो, पाकिटांतील अकरा-अकरा रुपयेही तो चोख मांडतो. दागिन्यांचे पान मात्र कोरे असते. आयकर खात्यानेदेखील, झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीमागे ५०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, असे १९९४ मध्ये ठरविले. सरकारी दृष्टीनेही ते सोने तिच्याच नावे मोजले जाते.

याद करताना दोन बाबतींत घोटाळा होतो, त्या सांगून ठेवतो. जुना तोळा बारा माशांचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आजचा बाजारी तोळा दहा ग्रॅमचा. आजीच्या यादीतील दहा तोळे म्हणजे जवळजवळ ११७ ग्रॅम, शंभर नव्हे. दुसरे कसाचे. बावीस कॅरट म्हणजे हजारात ९१६. जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला, व नव्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक येतो. तो क्रमांक यादीत लिहिला तर ‘हे ते नव्हेच’ असे म्हणावयास जागा उरत नाही. जुन्या दागिन्यांचे वजन लाख व खडे वजा करून लिहावे, आणि जमल्यास छायाचित्र जोडावे.

आपल्या कुळांपैकी पुष्कळांच्या घरी, विशेषतः जी कुळे गोमंतक सोडून नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर व पुढे भोपाळ अशी फिरत आली त्यांच्या घरी, पणजोबांच्या काळातील लग्नांच्या यादी ट्रंकेत पडून असतील. मोडीत असल्या म्हणून त्या टाकून देऊ नयेत. महाजन मंडळाच्या कार्यालयात त्यांच्या छायाप्रती पोचत्या केल्यास, कोणत्या पिढीत वधूला काय घातले जाई, पुतळ्या कधी गेल्या आणि त्यांच्या जागी काय आले, याचा चांगला संग्रह होऊ शकेल. मोडी वाचून देणारे एक-दोघे अजून शाहपुऱ्यात आहेत.